माजी विद्यार्थ्यांचा फुटबॉल : इंग्लंडमधील रविवारच्या हौशी लीगची घडण

सप्टेंबर ते मे या काळात इंग्लंडमधील लहानमोठ्या शहरांच्या सार्वजनिक मैदानांवर रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास जे फुटबॉल सामने सुरू होतात, त्यांत खेळणाऱ्यांना मानधन मिळत नाही. उलट प्रत्येक खेळाडू मैदानाचे भाडे, पंचाचे शुल्क आणि गणवेशाची धुलाई यांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे मोजतो. अशा संघांच्या स्थानिक साखळी स्पर्धांना ‘संडे लीग’ असे सर्वसाधारण नाव आहे. साखळी स्पर्धेत, म्हणजेच लीगमध्ये, गटातील प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी बहुधा एकदा आपल्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळतो, विजयाला तीन व बरोबरीला एक गुण मिळतो आणि हंगामाच्या शेवटी गुणतक्त्याच्या माथ्यावरचे संघ वरच्या श्रेणीत जातात, तर तळाचे खाली उतरतात. या स्पर्धांत कचेऱ्यांचे, कारखान्यांचे, चर्चचे आणि वस्तीतल्या पबचे संघ असतात, तसेच ‘ओल्ड बॉइज क्लब’ या नावाने ओळखले जाणारे, एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळा सुटल्यावरही एकत्र खेळत राहावे म्हणून स्थापन केलेले संघही असतात.

इंग्लंडच्या फुटबॉलचा इतिहास बहुधा मोठ्या क्लबांच्या विजयांतून सांगितला जातो. परंतु खेळण्याचा हक्क कोणाला, आठवड्याच्या कोणत्या वारी आणि कोणाच्या खर्चाने मिळाला, हा प्रश्न ज्याला महत्त्वाचा वाटतो त्याने ओल्ड बॉइज क्लबांकडेच वळले पाहिजे. याच क्लबांनी खेळाचे नियम घडवण्यात पुढाकार घेतला, याच क्लबांनी देशातील सर्वोच्च चषक जिंकला, पगारी खेळाडू आल्यावर यांनीच त्यांना दार बंद केले आणि पुढे शंभर वर्षांच्या आत हेच क्लब गवंडी, शिक्षक, टॅक्सीचालक आणि बँकेतील कारकून यांच्या शेजारी महापालिकेच्या चिखलमय मैदानांवर खेळू लागले. या प्रवासाला अधोगती म्हणण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात त्यात हौशी खेळाचा अर्थ अधिक प्रामाणिक होत गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी, वेस्टमिन्स्टर आणि चार्टरहाउस या शाळांत फुटबॉल खेळला जात असे. इंग्लंडमध्ये अशा शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. त्या सरकारी नसून भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी निवासी शाळा आहेत आणि जमीनदार, सरदार, बँकर व बडे अधिकारी यांची मुले तेथे शिकत. प्रत्येक शाळेचा खेळ तिच्या जागेने घडवला होता. चार्टरहाउस शाळा त्या काळी लंडनमध्ये एका जुन्या मठाच्या आवारात होती आणि तेथील मुले मठाच्या अरुंद फरसबंदी ओवरीत खेळत असल्यामुळे चेंडू पायापाशी ठेवून माणसांच्या गर्दीतून काढण्याचे कसब तेथे वाढले. रग्बीला मोकळे हिरवे मैदान होते, तेथे चेंडू हातात घेऊन धावण्याची मुभा रुजली. ही मुले केंब्रिजला किंवा लंडनला एकत्र आली म्हणजे कोणाच्या नियमांनी खेळायचे यावरून वाद होत. केंब्रिजमध्ये १८४८ साली एक सामाईक नियमावली करण्याचा प्रयत्न झाला आणि २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न या खाणावळीत काही क्लबांच्या प्रतिनिधींनी फुटबॉल असोसिएशनची, म्हणजे इंग्लंडमधील या खेळाच्या नियामक संस्थेची, स्थापना केली. त्या स्थापक क्लबांपैकी सिव्हिल सर्व्हिस हा सरकारी नोकरांचा क्लब आजही लंडनच्या चिझिक भागात हौशी फुटबॉल खेळतो.

संस्था स्थापन झाली तरी स्पर्धा नव्हती. ती कल्पना चार्ल्स ऑलकॉक या संस्थेच्या चिटणीसाची. तो हॅरोचा माजी विद्यार्थी होता आणि शाळेतील वसतिगृहांमध्ये होणाऱ्या, हरणारा संघ लगेच बाद होणाऱ्या सामन्यांच्या नमुन्यावर त्याने देशभरातील क्लबांसाठी एका चषकाची योजना मांडली. आज जगातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा म्हणून ओळखला जाणारा एफए कप १८७१–७२ च्या हंगामात १५ क्लबांच्या नोंदणीनिशी असा सुरू झाला आणि केनिंग्टनच्या ओव्हल मैदानावरील पहिल्या अंतिम सामन्यात वाँडरर्स या क्लबाने रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाला १–० असे हरवले. वाँडरर्स हा निरनिराळ्या पब्लिक स्कूलांतील माजी विद्यार्थ्यांचा एकत्र संघ होता. पहिल्या सात वर्षांत पाच वेळा चषक जिंकूनही तो अल्पावधीत विस्कटला, त्याचे एक मोठे कारण असे की, प्रत्येक शाळेचा स्वतंत्र ओल्ड बॉइज क्लब उभा राहू लागल्यावर खेळाडूंना आपल्या शाळेच्या नावाने खेळणे अधिक प्रिय वाटले. त्यांपैकी ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटनचे माजी विद्यार्थी, १८७९ आणि १८८२ मध्ये चषकाचे मानकरी ठरले. १८८१ मध्ये त्यांनाच ३–० असे हरवून ओल्ड कार्थुसियन्सनी, म्हणजे चार्टरहाउसच्या माजी विद्यार्थ्यांनी, तो मान मिळवला. या काळाचे प्रतीक म्हणून आर्थर किनेर्ड या बँकर घराण्यातील खेळाडूचे नाव घेतले जाते. तांबूस दाढी आणि लांब पांढरी विजार या वेषात तो नऊ अंतिम सामने खेळला, त्यांपैकी पाच त्याच्या संघाने जिंकले आणि १८८२ च्या विजयानंतर त्याने ओव्हलच्या पॅव्हिलियनसमोर डोक्यावर उभे राहून आनंद साजरा केला. पुढे १८९० पासून १९२३ पर्यंत तो फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष होता.

१८८३ चा अंतिम सामना या साऱ्या इतिहासाचा सांधा आहे, म्हणून तो थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. एका बाजूला गतविजेते ओल्ड ईटोनियन्स होते, तर दुसऱ्या बाजूला लँकाशायरच्या कापडगिरण्यांच्या गावातून आलेला ब्लॅकबर्न ऑलिंपिक, ज्यात विणकर, सूतकताई कामगार, प्लंबर आणि दंतवैद्याचा साहाय्यक अशी माणसे होती. ऑलिंपिकच्या खेळाडूंनी सामन्यापूर्वी काही दिवस ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी राहून सराव केला होता आणि त्यासाठी लागणारा पैसा एका स्थानिक ओतकाम कारखानदाराने दिला होता. एका सामन्यासाठी कामाधंद्यापासून दूर जाऊन तयारी करायची, हे त्या काळच्या सभ्य गृहस्थांच्या दृष्टीने खेळाच्या मर्यादेबाहेरचे होते. ईटोनियन्सनी पहिला गोल केला, ऑलिंपिकने बरोबरी साधली. मग ईटोनियन्सचा आर्थर डन जखमी होऊन मैदानाबाहेर गेला आणि बदली खेळाडूची सोय नियमांत नसल्यामुळे त्यांना दहा जणांनिशी खेळावे लागले. जादा वेळेत जिमी कॉस्टली या गिरणीकामगाराने दुसरा गोल केला आणि चषक उत्तरेला गेला. त्यानंतर कोणत्याही ओल्ड बॉइज क्लबाला तो जिंकता आला नाही.

ऑलिंपिकच्या विजयामागे चेंडू एकमेकांकडे लांबवर देत खेळण्याची नवी पद्धत होती, तसेच वेळेचे अर्थशास्त्रही होते. गिरणीकामगार सामन्यासाठी दूर गेला की त्याची रोजी बुडत असे. ती भरून काढण्यासाठी क्लब त्याला हळूच पैसे देत, आणि दक्षिणेतील माजी विद्यार्थ्यांचे क्लब त्याला भ्रष्टाचार म्हणत. ज्यांची रोजी कधी बुडतच नव्हती त्यांनी शुद्धतेचा आग्रह धरणे सोपे होते, हे मान्य केल्याशिवाय या वादाचे खरे स्वरूप कळत नाही. जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने व्यावसायिकतेला, म्हणजे पगार घेऊन खेळण्याला, काही अटींवर मान्यता दिली आणि १८८८ मध्ये बारा क्लबांनी फुटबॉल लीग स्थापन केली. सर्वोच्च पातळीवरील ओल्ड बॉइज क्लबांचे दिवस त्याबरोबर संपले.

मागे राहिलेल्यांनी आपल्यासाठी स्वतंत्र घर बांधले. हौशी संघांसाठी असोसिएशनने १८९३–९४ मध्ये ॲमॅच्युअर कप सुरू केला आणि त्याचा पहिला अंतिम सामना ओल्ड कार्थुसियन्सनी जिंकला. परंतु लवकरच तेथेही ईशान्य इंग्लंडमधील खाणकामगारांचे आणि पोलाद कारखान्यांच्या गावांचे संघ पुढे आले. १८८३ मध्ये जखमी झालेल्या आर्थर डनने पुढे लडग्रोव्ह नावाची मुलांची शाळा काढली होती; केवळ पब्लिक स्कूलांच्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक चषक असावा असे त्याचे मत होते. १९०२ मध्ये त्याच्या अकाली मृत्यूनंतर मित्रांनी त्याच्या नावाने आर्थर डन कप सुरू केला, जो आजही खेळला जातो. १९०७ मध्ये तर उघड फूट पडली. जिल्हा संघटनांनी व्यावसायिक क्लबांनाही सदस्यत्व द्यावे, असा असोसिएशनचा आग्रह होता. तो अमान्य करून दक्षिणेतील हौशी क्लब बाहेर पडले आणि त्यांनी ॲमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. १९१४ मध्ये समेट झाला, संस्था मात्र राहिली, आणि पुढे ॲमॅच्युअर फुटबॉल अलायन्स हे नाव घेऊन ती आजही मुख्यतः लंडन परिसरातील अशा क्लबांचा कारभार पाहते.

फूट पाडणाऱ्यांचा हेतू वर्गीय होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्यांच्या हातून एक उपयुक्त गोष्ट घडली. त्यांनी लीग, चषक, पंच आणि शिस्तपालन यांची अशी यंत्रणा उभी केली जी प्रेक्षकांच्या तिकिटांवर मुळीच अवलंबून नव्हती, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या यंत्रणेत एक नवा वर्ग आला. हा वर्ग ग्रामर स्कूलांच्या माजी विद्यार्थ्यांचा होता. ग्रामर स्कूल म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन हुशार मुलांना शिकवणारी शाळा, जिथे दुकानदार, कारकून आणि कुशल कामगार यांच्या मुलांना जागा मिळे. ही मुले पुढे विमा कंपन्यांत, रेल्वे कचेऱ्यांत आणि शाळांत नोकरीला लागली, आणि त्यांच्या ओल्ड बॉइज क्लबांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकांत लंडनच्या सीमेवरील स्वस्त जमिनी वर्गणीतून विकत घेतल्या. कित्येक ठिकाणी ती मैदाने युद्धात मेलेल्या शाळासोबत्यांचे स्मारक म्हणून घेतली गेली आणि क्लबगृहाच्या भिंतीवर मृतांच्या नावांचा फलक बसवला गेला. लाकडी छपराचे क्लबगृह, दोन-तीन फुटबॉल मैदाने, उन्हाळ्यात त्याच जमिनीवर क्रिकेटची खेळपट्टी आणि सामन्यानंतर दोन्ही संघांसाठी चहा, अशी त्या क्लबांची ठरीव मांडणी असे. शहर वाढत गेले तशी जमिनीची किंमत वाढली. ज्या क्लबांनी ती विकली नाही, त्यांचे आजचे अस्तित्व मुख्यतः त्या निर्णयावर उभे आहे.

या क्लबांचा मुख्य वार शनिवारच होता आणि बहुतेकांचा तो आजही आहे. त्याचे मूळ १८५० च्या कारखाना कायद्यात सापडते, ज्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि तरुण कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्यामुळे पुरुषांनाही ती सुटी मिळाली आणि शनिवारची दुपार खेळाची झाली. परंतु दुकानांत, बाजारांत आणि वाहतुकीत काम करणाऱ्यांना शनिवार मोकळा नसे. त्यांच्यापुढे रविवारच उरत होता आणि रविवार देवाचा होता. ख्रिस्ती धर्मातील विश्रांतीचा दिवस म्हणून त्या दिवशी करमणूक करू नये, असा प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये दीर्घकाळ दंडक होता, आणि फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना, खेळाडूंना व पंचांना रविवारच्या स्पर्धांत भाग घेण्यास मनाई केली होती. ज्या संस्थेच्या छत्राखाली विमा, शिस्त आणि प्रशिक्षित पंच मिळत, तिच्या बाहेर राहून रविवारचे संघ आपापल्या स्थानिक लीग चालवत. तेथे खेळताना सापडलेल्या शनिवारच्या खेळाडूवर कारवाई होण्याची भीती असे. हा अन्याय १९६० मध्ये दूर झाला. असोसिएशनने रविवारच्या फुटबॉलला मान्यता दिली आणि १९६४–६५ च्या हंगामापासून एफए संडे कप ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली.

हौशी खेळाडूंना रविवार मिळाला तरी व्यावसायिकांना तो आणखी चौदा वर्षे मिळाला नाही. १९७४ च्या जानेवारीत कोळसा व वीज यांच्या टंचाईमुळे सरकारने उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज देण्याचे धोरण ठेवले असताना काही सामने प्रथमच रविवारी घेण्यात आले. त्या वेळी १७८० चा रविवार पालनाचा कायदा आडवा आला, कारण त्यानुसार रविवारी करमणुकीसाठी प्रवेशशुल्क घेणे बेकायदेशीर होते. क्लबांनी प्रवेश मोफत ठेवला आणि आत जाण्यासाठी तिकिटाच्या किमतीचे माहितीपत्रक विकत घेण्याची अट घातली. त्याच वर्षी असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा नोंदणीतील भेदच रद्द केला, सर्वांना केवळ ‘खेळाडू’ म्हटले आणि ॲमॅच्युअर कप बंद केला. वरच्या हौशी संघांत बुटांत लपवून पैसे देण्याची पद्धत इतकी रूढ झाली होती की तो भेद कागदावरच उरला होता. आता खऱ्या अर्थाने हौशी म्हणवून घेण्यास पात्र राहिले ते खेळण्यासाठी स्वतः पैसे भरणारे, आणि त्यांत ईटनचा माजी विद्यार्थी व पबच्या संघातला मालवाहू गाडीचा चालक यांच्यात नियमाच्या दृष्टीने काहीच अंतर उरले नाही.

रविवारच्या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध स्थान म्हणजे पूर्व लंडनमधील हॅकनी मार्शेस. ली नदीकाठची ही दलदलीची कुरणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन काउंटी कौन्सिलने जनतेसाठी विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाने पडलेल्या घरांचा राडारोडा टाकून तेथील जमीन उंच करण्यात आली. युद्धानंतरच्या दशकांत तेथे शंभराहून अधिक मैदाने शेजारीशेजारी आखलेली असत. आज ती संख्या बरीच कमी आहे, तरी एका मैदानावरचा चेंडू दुसऱ्या सामन्यात घरंगळत जाणे हा तेथील नित्याचा प्रकार आहे.

ओल्ड बॉइज क्लबात रविवारचा संघ बहुधा शनिवारच्या पोटी जन्मतो. मोठ्या क्लबात शनिवारी ‘फर्स्ट इलेव्हन’ म्हणजे पहिला संघ, मग दुसरा, तिसरा असे करत काही ठिकाणी आठ-दहा संघ वेगवेगळ्या श्रेणींत खेळतात. ज्यांना शनिवारी काम असते, ज्यांना मुलांबरोबर शनिवार घालवायचा असतो किंवा ज्यांचे शनिवारी खेळूनही समाधान होत नाही त्यांच्यासाठी रविवारचा संघ निघतो. पस्तिशी ओलांडलेल्यांचे ‘व्हेटरन्स’ संघही बऱ्याच ठिकाणी रविवारी सकाळीच खेळतात आणि त्यांत पन्नाशी पार केलेला बचावपटू अजिबात दुर्मीळ नसतो. एकाच क्लबात अठराव्या वर्षी पाचव्या संघातून सुरुवात करायची, पंचविशीत पहिल्या संघात यायचे, चाळिशीत पुन्हा तळाच्या संघात उतरून नव्या मुलांना जागा कशी धरायची ते शिकवायचे आणि शेवटी रेषापंचाचा झेंडा किंवा हिशेबाची वही हाती घ्यायची, असा चाळीस वर्षांचा क्रम या क्लबांमुळे शक्य होतो. व्यावसायिक खेळात माणूस पस्तिशीत निरुपयोगी ठरतो; येथे त्याला वयानुसार जागा मिळत जाते, आणि या क्लबांचे सर्वांत मोठे मोल त्यातच आहे.

या साऱ्याचा भार चिटणीसावर असतो. खेळाडूंची संगणकावर नोंदणी करणे, प्रतिस्पर्धी क्लबाला मैदान, वेळ आणि गणवेशाचा रंग कळवणे, पंचाची निश्चिती करणे, पिवळ्या व लाल कार्डांचा दंड भरणे आणि तो संबंधित खेळाडूकडून वसूल करणे, ही सर्व कामे तो नोकरी सांभाळून रात्री करतो. संघनिवड व्यवस्थापकाकडे असते, पण रविवारी त्याचे खरे काम अकरा माणसे जमवणे हेच असते. शुक्रवारी सोळा जणांनी होकार दिलेला असतो. शनिवारी रात्रीनंतर त्यांपैकी कोणाचे मूल आजारी पडते, कोणाला कामाची पाळी लागते, कोणी लग्नसमारंभातून पहाटे घरी आलेला असतो. मोजकीच माणसे उरली की ‘रिंगर’चा, म्हणजे नोंदणी नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नावावर खेळवण्याचा, मोह होतो. लीगचे नियम याला गंभीर गैरप्रकार मानतात, कारण त्यामुळे खेळाडू जखमी झाल्यास विम्याचा प्रश्न येतो आणि स्पर्धेची निष्पक्षता जाते. उघडकीस आल्यास गुण कापले जातात आणि दंड होतो.

सकाळी साडेनऊला मैदानावर पहिले काम जाळीचे असते. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा गोलखांबांना जाळी लावण्यासाठी एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर चढून किंवा लांब काठीच्या टोकाने आडव्या दांडीवरील आकड्यांत जाळीचे दोर अडकवायचे असतात, मागची कड जमिनीत खुंट्या ठोकून ताणायची असते आणि जानेवारीत हे सारे बधिर झालेल्या बोटांनी करावे लागते. कोणीतरी मैदानावरून चालत कुत्र्यांची घाण आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा उचलतो. पंच येऊन गोलापाशी साचलेल्या पाण्यात चेंडू टाकून पाहतो. तो उसळला नाही तर सामना रद्द होतो, आणि ओल्या हिवाळ्यात असे ओळीने अनेक रविवार जातात. गणवेशाची पिशवी उघडली की प्रत्येक जण आपल्या मापाचा सदरा शोधतो. पूर्वी मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटण्याची प्रथा होती, ती काही क्लबांनी अजून जपली आहे. सामना संपल्यावर जाळी काढणे हे मात्र हरलेल्या आणि थकलेल्या संघासाठी खरी परीक्षा असते, आणि कोणता खेळाडू त्या वेळी गुपचूप गाडीकडे न वळता खुंट्या उपटायला थांबतो, यावरून क्लबात त्याची पत ठरते.

व्यावसायिक सामन्यात पंचाला दोन तटस्थ साहाय्यक मिळतात; रविवारी तो बहुधा एकटाच असतो आणि रेषापंच दोन्ही क्लबांनी आपापल्यातून द्यायचे असतात. त्यामुळे ऑफसाइडचा, म्हणजे सोबत्याने चेंडू पुढे दिला त्या क्षणी आघाडीपटू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पलीकडे जाऊन उभा होता काय याचा, निर्णय घेताना झेंडा हाती धरलेला राखीव खेळाडू स्वतःच्या संघाविरुद्ध बोलू शकेल इतका प्रामाणिक असावा लागतो. पंचांना होणारी शिवीगाळ आणि प्रसंगी मारहाण ही या खेळाची सर्वांत लाजिरवाणी बाजू आहे. अनेक तरुण पंच एक-दोन हंगामांत हे काम सोडतात आणि मग सामने खोळंबतात. यावर उपाय म्हणून असोसिएशनने २०१९–२० च्या हंगामापासून हौशी स्तरावर ‘सिन बिन’ लागू केले. पंचाच्या निर्णयाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला पिवळे कार्ड दाखवून दहा मिनिटे मैदानाबाहेर बसवायचे आणि तेवढा वेळ त्याच्या संघाने एक माणूस कमी घेऊन खेळायचे, असा तो नियम आहे. आपल्या तोंडाळपणाची किंमत सोबत्यांना मोजावी लागते, हे खेळाडूला दंडाच्या पावतीपेक्षा लवकर समजते; म्हणूनच हा नियम या स्तराला अगदी योग्य वाटतो. बदलून बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभाही येथे असते, जी व्यावसायिक खेळात नाही.

माजी विद्यार्थ्यांचे क्लब म्हणून या संस्थांवर सर्वांत मोठे संकट आले ते शिक्षणधोरणातून. १९६५ पासून सरकारने प्रवेशपरीक्षेवर चालणाऱ्या ग्रामर स्कूलांऐवजी सर्व मुलांना एकत्र शिकवणाऱ्या काँप्रिहेन्सिव्ह शाळांचा पुरस्कार केला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक ग्रामर स्कूल बंद झाले किंवा दुसऱ्या शाळांत विलीन झाले. क्लबाला दरवर्षी मिळणारा तरुणांचा पुरवठा आटला. केवळ आपल्या शाळेच्या मुलांनाच घ्यायचे या नियमावर अडून बसलेले क्लब विरले. ज्यांनी सदस्यत्व सर्वांना खुले केले ते टिकले. आज लंडनभोवतीच्या अनेक क्लबांत शाळेचे नाव, रंग आणि बोधचिन्ह आहे, परंतु शाळा अस्तित्वात नाही आणि संघातील एकानेही तिचा उंबरठा ओलांडलेला नाही. नायजेरियन, पोलिश आणि बांगलादेशी घरांतील तरुण त्या जुन्या नावाचा सदरा घालून खेळतात, आणि त्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही, कारण क्लबाचे मैदान, त्याची घटना आणि त्याची हिशेबाची वही अखंड चालू असते. असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या फुटबॉलला बंदी घातली होती आणि ती उठायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आता यांपैकी कित्येक क्लबांत मुलींचे संघही आहेत. पब्लिक स्कूलांचे माजी विद्यार्थी मात्र १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या आर्थुरियन लीग या स्वतंत्र साखळीत आजही बहुधा आपल्यातच खेळतात, आणि ओल्ड ईटोनियन्स व ओल्ड कार्थुसियन्स यांची नावे तेथील निकालांत दिसतात.

रविवारच्या लीगमधून थेट मोठ्या खेळात जाणारी वाट नाही, कारण शनिवारच्या श्रेणींची जी उतरंड गावच्या संघापासून प्रीमियर लीगपर्यंत जोडलेली आहे, तिच्याशी रविवारच्या लीग जोडलेल्या नाहीत. तरीही आग्नेय लंडनमधील टेन-एम-बी या संघातून रविवारी खेळणाऱ्या इयन राइटला १९८५ मध्ये, बाविशीच्या उंबरठ्यावर, क्रिस्टल पॅलेसने करारबद्ध केले आणि पुढे तो आर्सेनलकडून १८५ गोल करून इंग्लंडच्या संघातही खेळला. असे उदाहरण विरळाच.

गेल्या काही दशकांत रविवारच्या प्रौढ संघांची संख्या घटत आहे. दुकाने रविवारी उघडी राहू लागल्याने ज्या दुकानी कामगारांसाठी हा वार निवडला गेला होता त्यांनाच तो मोकळा राहिला नाही. कृत्रिम गवतावर आठवड्यातील कोणत्याही संध्याकाळी पाच-पाच जणांत तासभर खेळण्याची सोय झाल्याने नव्वद मिनिटांच्या सामन्यासाठी अर्धा रविवार देण्याची गरज अनेकांना वाटत नाही. आणि आर्थिक ताणाखालच्या नगरपालिकांनी मैदानांचे भाडे वाढवून देखभाल कमी केली. स्वतःची जमीन असलेले ओल्ड बॉइज क्लब या तिसऱ्या आघातापासून बचावले, परंतु त्यांनाही गवत कापणाऱ्या यंत्राचा, छपराच्या दुरुस्तीचा आणि विम्याचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून व क्लबगृहातील बारच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्ष प्रत्येक पदासाठी नावे मागतो. कर्णधारपदासाठी दोन-तीन नावे येतात, खजिनदाराचे काम बहुधा जुनाच माणूस पुढे चालवतो. परंतु चिटणीसपदासाठी कोणाचाच हात वर झाला नाही आणि लीगची नोंदणीची मुदत कोणी अर्ज न भरता उलटली, तर सोळा-सतरा धडधाकट खेळाडू असूनही पुढच्या हंगामाच्या गुणतक्त्यात त्या संघाचे नाव छापले जात नाही.